आप्पांच्या खोलीतल्या दोन खिडक्या

मार्चमध्ये डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांची छाती तपासली आणि त्यांच्याशी न बोलता ते माझ्याशी बोलले. पुढचा हिवाळा यांनी दिल्लीत काढायचा असेल तर निदान यांची खोली तरी नीट बंद होईल असं बघा. ते जमणार नसेल तर दिवाळीच्या सुमाराला यांना दिल्लीबाहेर पाठवा. मागच्या हिवाळ्यात आप्पा दोनदा दवाखान्यात राहून आले होते. तिसऱ्यांदा न्यावं लागलं तर परत आणता येईलच असं नाही, हे डॉक्टर बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

घरात आम्ही दोघंच. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली आणि मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत फायली सरकवते, सकाळी मेट्रोने जाते, संध्याकाळी मेट्रोने येते. मयूर विहारच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात मी परत येईपर्यंत आप्पा असतात. वर्तमानपत्राचं कोडं अर्धं सोडवून ठेवलेलं असतं, उरलेलं माझ्यासाठी. सून आणि सासरा असे दोघेच एका घरात राहतात याचं लोकांना नवल वाटतं. आम्हाला त्याचं नवल वाटायला कधी सवड मिळाली नाही.

नाशिकचे माझे थोरले दीर, त्यांना मी दादा म्हणते, मनाने फार चांगले. गणपतीत त्यांचा फोन आला. "तुझ्यावर तरी किती भार टाकायचा? आता आप्पांना आम्ही नेतो." भार हा शब्द त्यांनी माझ्या काळजीपोटीच वापरला होता, पण तो मला चांगलाच झोंबला. खरं सांगायचं तर मला आप्पा जायला नको होते. त्यांच्या तब्येतीसाठी नको होते असं मी सगळ्यांना सांगत होते, पण ते अर्धंच खरं होतं. रिकाम्या घराचं कुलूप उघडायची मला भीती वाटत होती.

शेवटी ठरलं ते असं. दिवाळीच्या आत आप्पांच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या बदलून झाल्या आणि डॉक्टरांना पसंत पडलं, तर आप्पा इथेच राहतील. नाही झालं तर दादा दिवाळीला येतील आणि पाडव्याच्या संध्याकाळी त्यांना घेऊन जातील. दादांनी दोन तिकिटं काढूनही ठेवली. "रद्द काय, केव्हाही करता येतात," ते म्हणाले. आप्पांनी फोन माझ्याकडे दिला आणि ते कोड्याकडे वळले.

जुन्या खिडक्यांबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण पंचवीस वर्षं माझं त्यांच्याशी वैर होतं. लोखंडी चौकटी, पुट्टीने चिकटवलेल्या काचा, आणि कुठलंही दार कुठल्याही चौकटीत पूर्ण बसेल तर शपथ. एका खिडकीत उन्हाळाभर कूलर अडकवलेला असायचा. तो काढला की उरलेल्या भोकाला पुठ्ठा. नोव्हेंबर आला की मी खळ करून फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पट्ट्यांच्या कडा काळ्या पडलेल्या दिसायच्या. तेच आप्पांच्या छातीत जात होतं.

एका शनिवारी आम्ही दोघं कीर्तीनगरच्या बाजारात गेलो. तिथे प्लास्टिकच्या खिडक्यांची दुकानंच दुकानं आहेत. दुकानदाराने आम्हाला चौकटीचा कापलेला तुकडा दाखवला. आत मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे, त्यांच्या मधोमध पोलादाची पट्टी, कडेला काळं रबर. मग त्याने सरकती खिडकी उघडून-मिटून दाखवली. खिडकी लोण्यासारखी सरकत होती आणि मी लगेच भुलले.

"बाबूजी, आजकल सब स्लाइडिंग ही ले रहे हैं," दुकानदार म्हणाला.

"सब ले रहे हैं, इसीलिए पूछ रहा हूँ," आप्पा म्हणाले. त्यांनी खिशातून किराणा सामानाची यादी काढली, सरकत्या खिडकीच्या फटीत ती धरली, खिडकी लावून घेतली आणि यादी ओढली. ती अलगद बाहेर आली. मग ते शेजारच्या, दारासारख्या उघडणाऱ्या खिडकीकडे गेले. तिथे यादी घालून त्यांनी मूठ फिरवली आणि ओढलं. यादी फाटली. साखर आणि पोहे आत राहिले, बाकी सगळं आप्पांच्या हातात आलं.

"आता तूच सांग, धूर कुठून येणार?" त्यांनी मला विचारलं.

दुकानदाराने अजून एकदा प्रयत्न करून पाहिला. आप्पांनी त्याला आमच्या कॉलनीतल्या माकडांबद्दल सांगितलं. ती हाताच्या तळव्याने सरकती खिडकी सरकवतात आणि फ्रिजपर्यंत पोचतात. मला लाकडासारख्या दिसणाऱ्या चौकटी हव्या होत्या, पण आप्पा म्हणाले, "प्लास्टिकने लाकडाचं सोंग कशाला आणायचं? पांढऱ्याच घेऊ." बाहेरच्या बाजूला जाळी असल्याने आत उघडणाऱ्या, दुहेरी काचेच्या दोन पांढऱ्या खिडक्या ठरल्या. चौऱ्याऐंशी वर्षांचा दम्याचा माणूस दुकानात दोन तास उभा राहून एकेका बिजागरीची चौकशी करतोय, हे बघताना मला त्यांचा अभिमान वाटत होता. थोडी लाजही वाटत होती, कारण मी पहिल्याच खिडकीवर भाळले होते.

घोड्याने पेंड खाल्ली ती मापाशी. माप घेणारा माणूस आठ-दहा दिवसांनी मिळणार होता. सणाचे दिवस, सगळ्यांनाच खिडक्या हव्या होत्या. माप मिळाल्यावर खिडक्या तयार व्हायला पुढे तीन आठवडे. मी बोटांवर दिवस मोजत होते, तेवढ्यात आप्पांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि दुकानदाराच्या टेबलावर उलगडली. ते ड्रॉइंग होतं. ज्या खात्याने आमची कॉलनी बांधली त्याच खात्यात आप्पा ड्राफ्ट्समन होते. या घरांचे नकाशे त्यांनी स्वतः, तिरक्या टेबलावर वाकून काढले होते आणि पुढे आम्ही त्यातलंच एक घर घेतलं. कागदाच्या कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरं होती, खाली साहेबांची सही, त्याखाली गोल शिक्का.

"ये दोनों खिड़कियों के नाप. मैंने ही निकाले हैं," आप्पा म्हणाले.

दुकानदार चाचरला. "बाबूजी, साइट का नाप लेना पड़ता है. काग़ज़ का भरोसा नहीं होता."

हे वाक्य आप्पांना कसं लागलं असेल ते मला माहीत आहे, कारण मलाही लागलं. मी त्याच पंथातली आहे. तीस वर्षं मी कागद बघत आलेय, आणि कागदावर सही-शिक्का दिसला की आमच्या शंका संपतात. ज्या वस्तूबद्दल कागद आहे ती वस्तू उठून बघून येण्याची आमच्या नोकरीत पद्धतच नाही. आप्पांनी फॉर्मवर 'माप ग्राहकाने दिले आहे' अशा ओळीखाली सही केली, आणि साक्षीदार म्हणून त्याच पेनाने मी. घरी मोजायचा टेप होता, कपाटाच्या दुसऱ्या खणात. तो काढायचं आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही.

खिडक्या आल्या तेव्हा दिवाळीला सात दिवस उरले होते. बसवणारे दोघं होते. मुख्य मिस्त्री पन्नाशीचा, बारीक, बरेलीकडचा, कानामागे पेन्सिल. त्याचा जोडीदार जवळजवळ त्याच्याच वयाचा आणि अजिबात न बोलणारा. मिस्त्रीने आल्याआल्या चपला दाराबाहेर काढल्या, आप्पांना नमस्ते केलं आणि कोणी काही सांगायच्या आत टेप काढला. खिडकीची रुंदी त्याने वर मोजली, मधे मोजली, खाली मोजली. मग उंची, तीही तीन ठिकाणी. मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं. सगळं भिंतीवर बारीक अक्षरात लिहिलं. त्यानंतर त्याने नव्या खिडकीला टेप लावला.

मला त्याने बाल्कनीत बोलावलं. आप्पांसमोर बोलायचं त्याने टाळलं, ते माझ्या नंतर लक्षात आलं. "दीदी, खिड़की बड़ी है. पैंतीस एमएम."

म्हणजे जवळजवळ दीड इंच. दुसरीही तशीच. कापून घ्या ना, मी म्हटलं. त्याने शांतपणे समजावलं की या चौकटीचे कोपरे वितळवून जोडलेले असतात, आत पोलाद असतं, कापली की खिडकी संपली. नव्या बनवायच्या तर आणखी तीन आठवडे. तोवर पाडवा होऊन गेलेला असणार.

माझा स्वभाव तापट आहे, हे माझ्या कचेरीतल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मी तशीच आप्पांच्या खोलीत गेले. "तुम्हाला कागद दिसला की पुढचं काही दिसत नाही, आप्पा. तो माणूस आठ दिवसांनी येतो म्हणत होता, येऊ द्यायचं होतं. आता जा नाशिकला." माझीही सही त्या फॉर्मवर होती हे मी सोयीस्कर विसरले.

पलंगाखालची बॅग आप्पांनी पायाने पुढे ओढली आणि कपाटातून मफलर काढून तिच्यात ठेवला. मग दुसरा मफलर. मी दारात उभी राहून बघत होते. आपल्या बोलण्याची लाज वाटायला मला एवढे दोन मफलर पुरले.

मिस्त्री माझ्या मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मराठी कळत नसेल, पण बॅग कोणालाही कळते. तो आत आला आणि म्हणाला, "बाबूजी, वो नक़्शा ज़रा दिखाएँगे?"

आप्पांनी न बघताच गुंडाळी त्याच्या हातात दिली. त्याने ती पलंगावर पसरली, चार कोपऱ्यांवर औषधाच्या बाटल्या ठेवल्या आणि खाली वाकून बराच वेळ वाचली. मग विचारलं, "ये नाप ईंट का है या पलस्तर का?"

आप्पांनी मान वर केली. "ईंट का. ड्रॉइंग में हमेशा ईंट का नाप होता है. पलस्तर तो बाद में—" आणि ते थांबले.

मिस्त्रीने छिन्नी घेतली. खिडकीच्या डाव्या कडेला अंगठ्याएवढा गिलावा त्याने हळूच उडवला, उजव्या कडेला तेवढाच. आत लाल वीट दिसली. त्याने टेपचं एक टोक जोडीदाराला या विटेवर धरायला लावलं आणि दुसरं त्या विटेवर टेकवलं. वाकून बघितलं, डोळे मिटून उघडले आणि पुन्हा बघितलं. "बाबूजी, आप भी देख लीजिए. सूत भर का फ़र्क़ नहीं है. काग़ज़ सही है. दीवार ने ऊपर से कपड़े पहन रखे हैं."

आप्पा टेपजवळ गेले आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आकडा वाचला. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एक रेघ ओढली होती, ती कुणा गवंड्याने उन्हात उभं राहून बरोबर तेवढीच विटांमध्ये उतरवली होती. त्या गवंड्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. आप्पा दोन बोटांनी वीट चाचपत राहिले आणि मला एकदम त्या अनोळखी माणसाबद्दल फार प्रेम वाटलं.

आता मार्ग दिसत होता. खिडकीच्या चारही बाजूंचा गिलावा विटेपर्यंत उतरवायचा, की खिडकी आत जाईल. ग्राइंडर मशीन लावलं तर एका सकाळचं काम. जोडीदाराने मशीन पिशवीतून काढलंही. मिस्त्रीची नजर आप्पांच्या उशाशी गेली. तिथे वाफेचं यंत्र होतं, इनहेलर होता, गोळ्यांचा डबा होता. त्याने जोडीदाराला मशीन परत आत ठेवायला सांगितलं.

"इससे बहुत धूल उड़ेगी, दीदी. महीना भर गद्दे में से निकलती रहेगी. हाथ से करेंगे, पानी मारके. दो दिन लगेंगे."

त्या लोकांना दुकान खिडकीमागे पैसे देतं, दिवसामागे नाही. म्हणजे हे दोन दिवस त्याच्या पदरचे होते. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "खिड़की किसलिए लग रही है? धूल रोकने के लिए. तो धूल भरके कैसे लगाऊँ?" कचेरीत असा एक माणूस मिळाला असता तर मी सुखाने निवृत्त झाले असते.

आप्पांना दोन दिवस खाली तळमजल्यावरच्या सरदारजींकडे बसवलं. वर मी रजा टाकून बघत बसले. मिस्त्री आधी भिंत ओली करायचा. तांब्याने पाणी मारून थांबायचा, पाणी मुरू द्यायचा, मग छिन्नी. गिलाव्याचा तुकडा सुटला की खाली पडू न देता जोडीदार तो ओल्या गोणपाटात झेलायचा. पलंग, कपाट, पंखा, सगळं त्याने आधीच ओल्या चादरींनी झाकलं होतं. हातोडी तो इतकी हलकी मारत होता की शेजारच्या खोलीत बसून मला वाटायचं, कोणी सुपारी फोडतंय. तीस वर्षं मी घरकाम करतेय आणि घरकाम करणारी माणसं बघतेय. स्वतःच्या कामाचा कचरा होऊच न देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा बिघडली आणि तोडफोडीच्या कामांवर बंदी आल्याचा निरोप सगळ्यांच्या फोनवर फिरला. तासाभरात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढून वर आले. ते तापलेलेच आले होते. खोलीच्या दारात उभे राहिले, ओल्या चादरी बघितल्या, ओलं गोणपाट बघितलं, हातात स्पंज घेतलेला जोडीदार बघितला. "यहाँ तोड़-फोड़ कहाँ है? ये तो पोंछा लग रहा है," म्हणाले आणि आल्या पावली खाली गेले.

पहिली खिडकी दुपारपर्यंत आत बसली. दुसरीने मात्र छळलं. तिच्या उजव्या कडेला गिलावा उतरवल्यावर एक वीट बोटभर पुढे आलेली निघाली. तो अनोळखी गवंडी त्या दिवशी घाईत असावा. वीट तासायची तर ती नेमकी वरच्या बाजूला, आणि वर लिंटल, म्हणजे खिडकीवरची सिमेंटची आडवी तुळई. मिस्त्रीने छिन्नी खाली ठेवली.

"इसमें बाबूजी से पूछना पड़ेगा," तो म्हणाला.

मी म्हटलं, बोलावते त्यांना वर. "नहीं, नहीं. यहाँ हवा ठीक नहीं है उनके लिए." त्याने आपल्या फोनवर विटेचे चार फोटो काढले, हातपाय धुतले आणि स्वतः दोन मजले खाली उतरला. मीही मागोमाग गेले. सरदारजींच्या दिवाणखान्यात आप्पा स्वेटर घालून बसले होते. मिस्त्री त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि फोन त्यांच्या हातात दिला. आप्पांनी फोटो मोठा करायला शिकून घेतलं. मग वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलने भिंत काढली, तिचे थर काढले, आणि वरच्या दोन थरांवर फुली मारली. "इन दो को हाथ मत लगाना. लिंटल इन पर बैठा है. तीसरी है ना ये? बिल्कुल आराम से छील दो."

"मुझे भी यही लग रहा था," मिस्त्री म्हणाला, "पर आपने बनाया है, आप बोलेंगे तो ही छेनी लगाऊँगा."

त्याला खरंच विचारायचं होतं की आप्पांचा मान राखायचा होता, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. बहुधा दोन्ही. एवढं खरं की त्या दिवशी आप्पा संध्याकाळी वर आले ते काठी न टेकता आले, आणि त्यांनी पुढे ओढलेली बॅग स्वतः परत पलंगाखाली ढकलली.

तिसऱ्या दिवशी खिडक्या पक्क्या झाल्या. मिस्त्रीने पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत खाली लाकडाच्या चिपा सारल्या, ओळंबा सोडून उभी रेघ तपासली, स्क्रू पिळले, भोवतालच्या फटीत फेस भरला. शेवटी सिलिकॉनची पांढरी रेघ ओढून ती ओल्या अंगठ्याने एका दमात, वरपासून खालपर्यंत पुसून घेतली. मग मूठ फिरवली. खाली भाजीवाल्याचा भोंगा 'मटर ले लो' म्हणत होता, तो 'मटर'वरच थांबला. मी हसले. मिस्त्रीने आप्पांना विचारलं, कागद घालून बघायचा का? दुकानातला किस्सा त्याच्यापर्यंत पोचला होता. आप्पा म्हणाले, "ज़रूरत नहीं."

पण कागद निघाला तो दुसऱ्याच कामासाठी. आप्पांनी ड्रॉइंग पुन्हा पसरलं. त्यांच्या खात्यात रीत होती की बांधकाम कागदाहून वेगळं झालं तर तो फरक लाल शाईने नकाशावर उतरवायचा आणि तपासणाऱ्याने सही करायची. त्यांनी दोन्ही खिडक्यांच्या कडेला गिलाव्याची जाडी लाल पेनाने लिहिली. त्याखाली लिहिलं, 'गिलाव्यासह माप घेतले नाही, चूक माझी', आणि आद्याक्षरं केली. मग तपासणाऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून पेन मिस्त्रीपुढे धरलं. त्या रकान्यात एरवी इंजिनिअर सही करायचा.

मिस्त्रीने हात पँटला पुसले. "मैं? बाबूजी, मैं तो आठवीं पास हूँ."

"नाप तुमने लिया है. दस्तख़त तुम्हारा होगा."

त्याने हिंदीत, एकेक अक्षर जोडत सही केली. सही झाल्यावर मला न विचारता त्याने त्या कागदाचा फोटो काढला. त्या रात्री फोनवर मुलीला मी हे सगळं सांगितलं. दिल्लीत वाढलेल्या पोरीने आधी गिलावा म्हणजे काय ते विचारलं आणि मग ती रडली.

मी आप्पांची माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी, कोडं सोडवताना. ते म्हणाले, "बोललीस ते बरोबरच होतं. आता आडवे सात सांग."

दादा धनत्रयोदशीला आले. फराळाचा डबा आणि तिकिटं, दोन्ही घेऊन. डॉक्टर येऊन खोली बघून गेले होते, हवा शुद्ध करणारं यंत्र कोपऱ्यात चालू होतं. तरी दादांचा विश्वास नव्हता. पाडव्याच्या सकाळी बाहेर काही दिसत नव्हतं. रात्रभराचे फटाके आणि धुकं मिळून समोरची इमारतसुद्धा गायब झाली होती. दादा स्वयंपाकघरात खोकत उभे होते. माझेही डोळे चुरचुरत होते.

मी ताम्हन घेऊन आप्पांच्या खोलीत गेले. पाडव्याला मी आप्पांना ओवाळते. हे गेले त्या वर्षी मी ताम्हन काढलंच नव्हतं, तर आप्पा स्वतः पाटावर येऊन बसले होते आणि म्हणाले होते, आण. तेव्हापासून तो आमचा नेम आहे. दादा मागून आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. खोलीत ते दोन-तीनदा खोकले आणि मग त्यांचा खोकला थांबला. त्यांनी आप्पांच्या बोटाला ते प्राणवायू मोजायचं छोटं यंत्र लावलं. आकडा बघितला. माझ्याकडे बघितलं. मग पाठ फिरवून खिडकीची कड हाताने चाचपत राहिले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "राहा इथे. मी तिकिटं रद्द करतो." मग त्यांना राहवलं नाही. "पण आप्पा, एक सांगा. एवढा हट्ट कशाला? तिकडे काय कमी आहे? स्वच्छ हवा आहे, आम्ही सगळे आहोत. ते माप तरी एवढ्या घाईने का देऊन टाकलंत? माणूस आठ दिवसांत येणारच होता ना?"

आप्पा पाटावर बसले होते. मी त्यांना कुंकू लावत होते. ते माझ्याकडे न बघता दादांशीच बोलले, अगदी साध्या आवाजात, कोड्यातला शब्द सांगावा तसे.

"आठ दिवस थांबलो असतो तर खिडक्या दिवाळीनंतर आल्या असत्या, आणि तू मला घेऊन गेला असतास. नाशिकला तुम्ही पाच जण आहात रे. इथे ही एकटी आहे."

मग आप्पांनी दिव्याकडे बोट केलं आणि ते मला म्हणाले, "ओवाळ आता. वात विझेल."